धोंडा वगळून

।। श्री ।।

कासार आंबोली,
मंगळवार, ८ मार्च १९६०

सौ. आक्कास,
धाकट्या जयाचा नमस्कार.

पाकीट फोडताना आधी वरचं 'श्री' बघ आणि जीव भांड्यात पडू दे. वाईट बातमीच्या पत्रावर श्री नसतो हे तूच मला शिकवलं होतंस. इकडे सगळं बरं आहे. म्हशीला रेडी झाली. होळी तोंडावर आली म्हणून पोरं आत्तापासून लोकांच्या गोवऱ्या पळवतायत, आणि ती पोरं माझ्याच वर्गातली असल्यामुळे गाऱ्हाणी माझ्याकडे येतात. हो, मी इथल्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. तू गेलीस तेव्हा मी स्वतःच दुसरीत होते, म्हणजे तुझ्या डोळ्यांपुढे अजून बाहीला नाक पुसणारी जया असणार. आता पुसत नाही. पण ते नाक नको तिथे खुपसायची खोड तेवढी राहिली आहे. आबा मला पोलीसपाटील म्हणायचे.

तुझा पत्ताही असाच नाक खुपसून मिळवला. पौडच्या बाजारात देवूभाऊ, म्हणजे तुझे दीर, हिरडा विकायला बसले होते. मी ओळखलं, पण त्यांनी ओळख दिली नाही. आमच्या घरच्यांनी त्यांच्या वाडीवर जाऊन जे बोलायचं ते बोलून ठेवलं आहे, तेव्हा त्यांचं काही चुकलं नाही. मग मी ओटीभर हिरडा घेतला. त्याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. पण एकदा गिऱ्हाईक झाल्यावर माणूस दोन शब्द बोलतोच. तुम्ही खोपोलीला आहात, बारकूदाजी कारखान्यात कामाला आहेत, तुला कमळ नावाची मुलगी आहे आणि ती आठ वर्षांची आहे, एवढं कळलं. कमळ कोणावर गेली आहे? हसली की तिच्या उजव्या गालाला खळी पडते का? शाळेत जाते का? हे सगळं देवूभाऊंना विचारलं, तर ते म्हणाले, "बाई, हिरडा घ्यायला आलीस का जबानी घ्यायला?"

आबांचं त्यांच्याकडून तुला कळलंच असेल. गेल्या वर्षी पौषात गेले. थंडी वाजून ताप आला आणि उतरलाच नाही. आम्ही तुला कळवलं नाही. पत्ता नव्हता हे खरं, आणि असता तरी कोणी कळवलं असतं असं वाटत नाही, हेही खरं. शेवटपर्यंत त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. घेतलं असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण तुला खोटं लिहायला हात धजत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. दादा घर विकतोय. मळ्यात विहिरीजवळ नव्या घराचा पाया घातला आहे. गुरं तिकडे, वैरण तिकडे आणि माणसं इकडे अशी ओढाताण त्याला नको झाली आहे. आपलं हे घर रस्त्याला लागून, तेव्हा पौडचे नथूशेट पिठाची गिरणी घालायला ते घेतायत. इसार झाला. अक्षय्य तृतीयेच्या आत खरेदीखत नोंदवायचं असं ठरलं.

इथपर्यंत सरळ होतं. मग पौडला कचेरीबाहेर दस्त लिहिणाऱ्या वाल्मीकरावांकडे आम्ही गेलो आणि त्यांनी विचारलं, वारस किती? दादा म्हणाला, तीन. आई, मी आणि जया. मी चाट पडले. माझं नाव कशाला? तर कळलं, चार वर्षांपूर्वी नवा कायदा झालाय आणि बापाच्या स्वकष्टाच्या घरात मुलींनाही मुलाइतकाच हिस्सा आहे. आक्का, ज्या घरात मला मोठ्याने हसायची चोरी, त्या घरात माझा हिस्सा! घरी येऊन मी चहूकडे बघत बसले. माझा कुठला? चुलीकडचा की गोठ्याकडचा? गोठ्याकडचाच असणार, माझं नशीब मला ठाऊक आहे. नंतर नथूशेटच्या वकिलांना विचारलं तर ते म्हणाले, हिस्सा म्हणजे भिंत नव्हे बाई, हिस्सा म्हणजे हक्क. हे मला अजून नीटसं कळलेलं नाही, पण शब्द आवडला.

तर वारस तीन. तेवढ्यात नथूशेटना आठवलं की हैबतरावांना एक थोरली होती. दादा खाली बघत म्हणाला, तिच्या नावानं आंघोळ केलीय. वाल्मीकरावांनी जेवढं सोयीचं तेवढं ऐकलं आणि वारसांच्या प्रतिज्ञापत्रात लिहून टाकलं: धोंडाबाई, मयत.

मला त्या वेळी काय वाटलं ते सांगू? आधी हसू आलं. तुझ्याआधीची दोन जगली नाहीत म्हणून तुझं नाव धोंडा ठेवलं, यमाने बघावं आणि दगड समजून पुढे जावं. मग दादाचं कोंडाजी, म्हणजे नुसता कोंडा, त्याला कोण नेतंय! माझ्या वेळेपर्यंत भीती गेली म्हणून मी जया. एवढी युक्ती करून ज्या पोरीला यमापासून लपवली, तिला आपल्याच माणसांनी एका शब्दात पोचवलं. मग हसू गेलं.

पण नथूशेटच्या पुण्याच्या वकिलांनी कागद वाचला आणि बोट नेमकं तिथेच ठेवलं. मयत, तर कधी? दादाने आपण सगळे ओढ्यावर जाऊन आंघोळ करून आलो तो दिवस सांगितला, भाताची लावणी उरकली त्या आठवड्यातला. वकील म्हणाले, गावच्या पाटलाकडच्या मयताच्या नोंदीत नाव नाही. कशाने वारल्या?

दादा म्हणाला, "पळून गेली."

वकिलांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. म्हणाले, "पाटील, पळून गेलेलं माणूस कायद्यात मरत नाही."

मी तिथे पदर तोंडात कोंबून उभी होते. हसत होते की रडत होते ते मलाही सांगता येणार नाही.

तर आक्का, तू जिवंत आहेस. सरकारदरबारी ठरलं. आणि जिवंत आहेस तर वारस आहेस, आणि वारस आहेस तर तुझ्या सहीवाचून हे घर विकता येत नाही. दादाने नव्या घराला हात घातला आहे आणि अंगावर वेळ आली आहे, म्हणून तोच मला म्हणाला, "लिही तिला." तुझं नाव घेतलं नाही, पण 'तिला' म्हणाला. तुला इथे यावं लागेल. दुसरा इलाज नाही.

येशील ना? आणि खरंच सांग, इतक्या वर्षांत तुला एकदाही यावंसं वाटलं नाही? तिकडे भात पिकतो का? तू अजून गाताना मधली ओळ विसरतेस का? उत्तर लवकर लिही. कमळला मावशीचा पापा.

कायद्याने आणि एरवीही तुझीच बहीण,
जया

—

।। श्री ।।

कासार आंबोली,
रविवार, ३ एप्रिल १९६०

सौ. आक्कास,
जयाचा नमस्कार.

तुझं कार्ड पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. गुढी उतरवून ठेवली होती, तिची साखरगाठी मी कार्ड वाचताना खाऊन संपवली. चार ओळींचं कार्ड आणि मी दहादा वाचलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे चढत जाणारं.

तू लिहिलंस, मला हिस्सा नको, कागद इकडे पाठवा, सही करून देते. मेलेल्या माणसाने उंबरा ओलांडू नये. आणि खाली एवढंसं लिहिलंस, आई काय म्हणते?

आक्का, मी मागच्या पत्रात म्हशीचं लिहिलं, वकिलाच्या चष्म्याचं लिहिलं, आईचं एक अक्षर लिहिलं नाही. तुझ्या ते बरोबर लक्षात आलं. लिहिण्यासारखं काही नव्हतं म्हणून नाही लिहिलं. तुझ्या सहीची गोष्ट दादाने घरात काढली तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. ऐकलं आणि थापत राहिली. मी तुला पत्र टाकलं तेही तिला ठाऊक होतं. त्यावरही काही नाही. बारा वर्षांत तिच्या तोंडून तुझ्याविषयी बरं नाही की वाईट नाही. मी पोलीसपाटील असून मला या एका माणसाचा तपास लागला नव्हता. आणि ती तुझ्यावर रागावली आहे असं निघालं तर तुला काय कळवू, या भीतीने मी विचारतही नव्हते.

आता लिहिण्यासारखं आहे.

परवा वाल्मीकराव खरेदीखताचा मसुदा घेऊन घरी आले. आईला वाचता येत नाही, तेव्हा तिला सगळं वाचून दाखवून समजावून सांगितलं पाहिजे असा नियम आहे. ओट्यावर घोंगडी टाकली. नथूशेट आले, दादा बसला, आई दाराच्या आत चौकटीला टेकून बसली आणि मी तिच्यामागे. वाल्मीकराव लग्नातली मंगलाष्टकं म्हणावीत तसे वाचतात. पूर्वेस पौड रस्ता, पश्चिमेस परसामागची पायवाट, असं चारी दिशांनी घर बांधून झालं आणि मग ते म्हणाले, "सदर घर, त्यातील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह."

आई म्हणाली, थांबा. ह्ये काय म्हनालात?

हे दस्तातलं जुनं बोलणं असतं, दर घराला तेच लिहितात. पण समजावून सांगायचा नियम, म्हणून वाल्मीकराव एकेक शब्द सांगायला लागले. जल म्हणजे पाणी, आड असला तर. आई म्हणाली, बरं. तरू म्हणजे झाड. परसातला शेवगा गेला म्हणायचा, आई म्हणाली, बरं. तृण म्हणजे गवत. काष्ठ म्हणजे लाकूड, तुळया, वासे. बरं. मला गंमत वाटत होती, कारण निधी म्हणजे पुरलेलं धन आणि ते आमच्याकडे असेल तर मलाही बघायचं होतं.

"पाषाण म्हंजी?"

"धोंडा, मावशी. दगड, धोंडा, जो काय आसंल त्यो समदा घरासंगं गेला."

आई चौकटीवरून सरळ झाली. म्हणाली, "धोंडा न्हाई द्यायची."

नथूशेट हसले. दादाही हसला, म्हणाला, अगं परसातला धुण्याचा धोंडा ना, तो मळ्यात नेऊ आपण. नथूशेट मोठ्या मनाने म्हणाले, न्या मावशी, मला गिरणीत धुणं धुवायचंय का! वाल्मीकरावांनी लगेच टाक बुडवून समासात लिहिलंही: परसातील धुण्याचा धोंडा वगळून.

मी मात्र हसले नाही. रोज पोरांच्या पाट्या तपासते, माझा कान तिथेच अडला. धोंडा द्यायचा नाही, असं म्हणतात. आई म्हणाली, द्यायची.

"त्यो न्हवं," आई म्हणाली. "माजी धोंडा. माजी थोरली. तिला म्येलेली कुनी लिवली त्या कागदात?"

नथूशेट रस्त्याकडे बघायला लागले. दादाचा चेहरा उतरला. तो अगदी हळू म्हणाला, आई, आपण सगळ्यांनी आंघोळ केली होती ओढ्यावर. तूही होतीस.

"तुमी केलीसा. तुज्या बानं केली. म्या न्हाई केली. मागं बसून पदर भिजवला आन् तसाच नेसून घरला आले. डोस्क्यावर पानी घेतलं न्हाई. जित्या पोरीच्या नावानं कशी घ्यू?"

आक्का, मी पण त्या दिवशी ओढ्यावर होते. मला डोक्यावरून पाणी ओतलेलं आठवतंय, थंडी आठवतेय, कोणी ओतलं ते आठवत नाही. आणि माझ्या शेजारी बसून आई एवढी मोठी गोष्ट करत होती, आणि कोणाला म्हणजे कोणाला पत्ता लागला नाही. बारा वर्षं ती कोरड्या डोक्याने गप्प राहिली. आबांना कळलं होतं का? मी तिला नंतर विचारलं. म्हणाली, त्येनी कदी इचारलं न्हाई, म्या कदी सांगितलं न्हाई.

मग आई वाल्मीकरावांना म्हणाली, आधी ते नीट करा, मग पुढचं वाचा.

प्रतिज्ञापत्र स्टँपावर लिहून झालं होतं. नवा कागद आणायचा म्हणजे खेप पडणार. वाल्मीकराव कागद डोळ्यांजवळ धरून बघत बसले आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. 'मयत'मधल्या म चा त्यांनी कोरून कोरून ह केला आणि य ला एक काना दिला. हयात. एवढंच. मी वर्गात पोरांना काना विसरला म्हणून ओणवं उभं करते, आणि तुझ्या जिवाची सगळी गोष्ट एका कान्याची निघाली. आई म्हणाली, झालं का? मी म्हटलं, झालं. तिने तो शब्द कुठे आहे ते विचारलं आणि त्यावरून बोट फिरवलं. शाई ओली होती, थोडी फरफटली. वाल्मीकराव कळवळले.

दस्तात खाडाखोड केली की समासात सह्या कराव्या लागतात, म्हणजे मागाहून कोणी म्हणू नये की आम्हाला ठाऊक नव्हतं. प्रतिज्ञापत्र लिहून देणारा दादा. त्याच्यापुढे कागद आला. दादाने टाक घेतला आणि नुसता धरून ठेवला. मला त्याचा राग आला नाही, खरं सांगते. बहीण परजातीत गेली म्हणून आबांच्या मागे भावकीत मान खाली घालायची ती त्यालाच, आणि तुझ्यावर त्याचा जीव किती होता ते तुला माहीत आहे. तू गेलीस त्या दिवसापासून तो कधी गायला नाही. मग त्याने सही केली, कोंडाजी हैबतराव, आणि उठून गोठ्यात गेला. बराच वेळ गोठ्यातून खरारा केल्याचा आवाज येत होता. आमच्या गोठ्यात घोडं नाही.

आता माझं एक सांगून टाकते. मागच्या पत्रात मी लिहिलं, तुला इथे यावंच लागेल, दुसरा इलाज नाही. ते खरं नव्हतं. तुला खोटं लिहायला हात धजत नाही असं त्याच पत्रात लिहिलं होतं, तोच हात दोन पानांनी धजला. तू खोपोलीकडेच दादाच्या नावाने मुखत्यारपत्र करून पाठवलंस की तुझ्या वतीने तो सही करू शकतो. वकिलांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते लपवलं, कारण मला तुला बघायचं होतं. मुखत्यारपत्राचा मसुदा या पत्रासोबत आहे. दादाने तो लिहून घेतला होता. तुला खरंच यायचं नसेल तर त्यावर सही कर आणि पाठव. कायद्याला तेवढं पुरतं.

आईला पुरत नाही. मसुदा घडी घालून पाकिटात ठेवताना तिने बघितलं, काय आहे ते विचारलं, आणि म्हणाली, धोंडी शेजारी बसल्याबिगर माझा अंगठा उठायचा नाही. दादाने समजावलं. शेवटी तो म्हणाला, बरं, येऊ दे, पण एष्टीतून पौडलाच उतरू दे, कचेरीत सही करू दे आणि तिथूनच परत जाऊ दे, गावात नको. आई म्हणाली, "सई कचेरीत. जेवान घरात."

काल दादा पौडहून आला तो म्हणाला, पुण्याहून दुपारची एष्टी आता रस्त्यावर आपल्या दारातच थांबते म्हणे. मी म्हटलं, तुला कशाला हवी दुपारची एष्टी? म्हणाला, चौकशी करायला काय तूच एकटी जन्मलीस का?

तो धुण्याचा धोंडा मात्र 'वगळून' असं लिहिलेलं तसंच राहिलं आहे. वाल्मीकराव म्हणाले, आता आणखी खाडाखोड नको. त्यामुळे तो आम्हाला खरंच मळ्यात न्यावा लागणार, आणि त्याला चार माणसं लागतील. दादा आत्तापासून कुरकुरतोय.

आक्का, या घरातून तू मागल्या दाराने गेलीस. अक्षय्य तृतीयेनंतर इथे गिरणीचा पट्टा फिरणार, पुढचं दार काढून रुंद करणार, असं नथूशेट म्हणत होते. म्हणून म्हणते, पुढचं दार आहे तोवर ये. बारकूदाजींना घेऊन ये, कमळला घेऊन ये. त्यांच्याविषयी आई अजून काही बोललेली नाही. मी उगीच खोटं लिहिणार नाही, मागच्या खेपेचं एक पुरे. पण आज सकाळी ती परसात राख आणि चिंच घेऊन मोठा तांब्याचा हंडा घासत होती. मी विचारलं, हा कशाला काढलास? म्हणाली, थोरली आली की आधी न्हाऊ घालीन. तिच्या नावाची आंघोळ ऱ्हायलीया माझी.

मग हंड्याकडेच बघत म्हणाली, "जये, पानी किती जणांचं तापवायचं, त्ये इचार तिला."

तेवढं उलट टपाली कळव.

दाराशी उभी असलेली,
जया